तुझा बीट ऐकला, आता हे ऐक

दोस्ता,

रॅपसाठी बनवलेला तुझा बीट तीनदा ऐकला. सगळं काही आहे त्यात, आणि तीच माझी तक्रार आहे. पहिल्या मिनिटात अकरा आवाज मोजले, पुढे मोजणं सोडलं. 'साउथचा साउंड हवा', म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या रॅपचा, म्हणून हाय-हॅटची, ड्रमसेटमधल्या झांजांची, नुसती फवारणी केलीयस. साउथ म्हणजे एवढंच नाही रे.

आउटकास्ट या रॅपर जोडीचा 'अक्वेमिनाय' अल्बम ऐक, १९९८चा. मोबाइलच्या स्पीकरवर नको, बेस गेला की निम्मा अल्बम गेला. नाव दोघांच्या राशी जोडून केलंय: बिग बॉयची कुंभ, आंद्रे ३०००ची मिथुन. पोरं अटलांटाची. १९९५मध्ये न्यूयॉर्कला पुरस्कार घ्यायला गेले तर तिथल्या लोकांनी हुर्यो उडवली. आंद्रेने स्टेजवरूनच सुनावलं, दक्षिणेलाही काही सांगायचंय. काय सांगायचं होतं ते या अल्बममध्ये ऐकू येतं.

त्यातल्या 'रोझा पार्क्स' गाण्यात रॅप मध्येच थांबतो. उरतात टाळ्या, पायांचा ठेका आणि माउथ ऑर्गन. वाजवणारे कोण? आंद्रेचे सावत्र वडील, चर्चमधले पाद्री. घरातलाच माणूस बोलावला. तू मात्र त्या आवाजासाठी सॅम्पल पॅक, तयार आवाजांचा संच, विकत घेतोस.

खरा धडा 'स्पॉटीऑटीडोपालिशस'मध्ये आहे. सात मिनिटांचं गाणं. दोघं रॅप असा करतच नाहीत, कट्ट्यावर बसल्यासारखे बोलतात. बेस आळसावलेला, आणि ध्रुवपद शब्दांचं नाही, ब्रासचं, ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांचं. क्लबमधली रात्र, एक पोरगी, प्रेम. पुढे मूल होतं. नोकरी हवी, पण लघवीच्या तपासणीत नशा सापडते, पोस्टातून फोन येत नाही, आणि गडी पुन्हा जुन्या धंद्यात. मग परत तोच ब्रास. सुरुवातीला वरातीसारखा वाटलेला तो तुकडा आता घशात अडकतो. सूर तेच. मधल्या गोष्टीने त्यांचा अर्थ फिरवला, आणि गोष्टीला बोलता आलं कारण बीटने तिला जागा सोडली होती.

मीही तुझ्या वयात त्या धर्तीचा ब्रास माझ्या ट्रॅकवर चिकटवला होता, वर दोन सिंथ, वर स्ट्रिंग्ज. रॅपर पोरगा हेडफोन काढून म्हणाला, "दादा, मी बोलू कुठे?" अजून कानात आहे ते.

'मामासिटा' मला कधीच पटलं नाही, खुशाल पुढे ढकल. 'दा आर्ट ऑफ स्टोरीटेलिन'चा पहिला भाग मात्र रात्री एकटा ऐक. मोठी होऊन काय होणार, असं विचारल्यावर साशा नावाची मुलगी एकच शब्द बोलते: जिवंत. पुढे तिचं काय होतं ते मी सांगत नाही. तिथे आंद्रे आवाज चढवत नाही, एवढं बघ.

शनिवारी येताना प्रोजेक्ट फाइल आण. ड्रम, बेस आणि कुठलाही एक आवाज, बाकी सगळं म्यूट. तुझ्या आजीचं ते जात्यावरचं रेकॉर्डिंग फोनमध्ये अजून असेल तर तेही आण. लगेच बीटमध्ये घालायचं नाही, आधी नुसतं ऐकू.

तुझा,
दादा