कॉमेंट नक्की कुणासाठी लिहिताय?

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे समुपदेशनासाठी कॉलेज-युनिव्हर्सिटीत शिकवणारी मंडळी बरीच यायला लागलीत, आणि गाऱ्हाणं इतकं सारखं असतं की मधूनच वाक्य मी पूर्ण करू शकेन. असाइनमेंट ऑनलाइन येतात, तपासायच्या ऑनलाइन, कॉमेंट ऑनलाइन, मार्कसुद्धा ऑनलाइन. "रात्र रात्र बसून फीडबॅक लिहितो, पोरं उघडूनही बघत नाहीत, आणि जी बघतात ती रुसतात. मग करायचं काय?" झोप गेलेली, मान धरलेली, रविवार संपलेला, घरच्यांवर चिडचिड. बहुतेकांना वाटतं हा टाइम मॅनेजमेंटचा प्रॉब्लेम आहे, एखादी ट्रिक सांगा म्हणजे झालं. मला तसं वाटत नाही. का, ते एका केसवरून सांगतो, त्यात ते फार स्वच्छ दिसलं होतं. (परवानगी घेतलीय, आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.)

त्यांना आपण मॅडमच म्हणू. असिस्टंट प्रोफेसर, वय पस्तिशीच्या आत, कामाला वाघ. पहिल्या भेटीत बसल्या बसल्या त्यांनी लॅपटॉपच उघडला.

"हे बघा सर. हा आयकॉन आला की समजायचं मुलाने फीडबॅक उघडून बघितला. निम्म्या वर्गापुढे आयकॉनच नाही."

"आणि ज्यांनी बघितला?"

"त्यातल्याच एकीचा हा मेल. रात्री साडेबाराला."

मेल एका ओळीचा होता. मॅडम, मी तुम्हाला आवडत नाही का?

"पाऊण तास घालवला हो मी हिच्या असाइनमेंटवर! पाऊण तास! आणि ही मला हे विचारते."

"मग तुम्ही काय उत्तर दिलंत?"

"अजून काहीच नाही. मोठं उत्तर लिहून ठेवलंय, पाठवायचं धाडस होत नाहीये."

मग हल्लीची मुलं किती हळवी, यांना कोणी काही बोललेलं चालतच नाही, कोविडनंतर तर विचारूच नका, असं बराच वेळ चाललं. मी चालू दिलं. राग आधी बाहेर यावा लागतो, त्याच्या खाली काय आहे ते नंतर दिसतं. उठताना एवढंच म्हटलं की ते उत्तर तूर्त ड्राफ्टमध्येच राहू द्या, आणि पुढच्या वेळी त्या मुलीची असाइनमेंट नाव काढून, तुमच्या कॉमेंटसकट प्रिंट करून आणा.

त्यांनी आणली. पाच पानांचा निबंध आणि समासात चाळीसच्या वर फुगे. मी म्हटलं, मोठ्याने वाचा. त्या वाचायला लागल्या. "हे विधान पुराव्याविना आहे. पान ३ वरही हीच त्रुटी." "निकष २ नुसार अपेक्षित विश्लेषण आढळत नाही." "अस्पष्ट." "??" "संदर्भलेखनाची पद्धत चुकीची, याबाबत वर्गात सूचना दिल्या होत्या."

"थांबा," मी म्हटलं. "ही मुलगी त्या दिवशी वर्गात होती?"

"होती की. पहिल्या बाकावर बसते."

"मग सूचना दिल्या होत्या हे तिला कशाला सांगताय? तिला माहितीय."

त्या काहीतरी बोलायला गेल्या आणि थांबल्या. परत ती ओळ मनात वाचली, मग वरची, मग त्याच्या वरची. मीही गप्प बसलो. अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडलं की हातातोंडाशी आलेलं जातं, हे मी नव्या शिकणाऱ्यांना नेहमी सांगतो आणि त्यांना ते सगळ्यात अवघड वाटतं.

"हे मी तिला लिहिलेलंच नाहीये," शेवटी त्या म्हणाल्या.

"मग कुणाला?"

"उद्या कुणी रिचेकिंगला फाइल मागवली तर... त्यांना."

मग सगळं आलं. नोकरी नवीन असताना एका विद्यार्थ्याने तक्रार केली होती की मला कमी मार्क का दिले याचं कारण कुठेच लिहिलेलं नाही. मीटिंग झाली, सिनियर लोकांसमोर यांना खुलासा द्यावा लागला, तिथे कोणीतरी म्हणालं, "तपासताना नीट लक्ष देत जा." मार्क काही बदलले नाहीत, तक्रार मिटली, सगळे विसरले. बाई नाही विसरल्या. तेव्हापासून प्रत्येक फाइलवर त्या जी कॉमेंट लिहीत होत्या तो आरोपीचा जबाब होता. एकही मुद्दा सुटायला नको, सगळं नोंदवलेलं असायला हवं, भाषा सरकारी हवी. आणि तो जबाब वाचायला जात होता एकोणीस-वीस वर्षांच्या पोरीकडे, जिला त्या मीटिंगबद्दल काहीच माहीत नाही. तिने वाचला आणि तिला वाटलं, बाईंचा माझ्यावर राग आहे. तिचं फार चुकलं असं म्हणता येईल का? राग नव्हता, भीती होती, पण स्क्रीनवर दोन्ही सारखंच दिसतं.

खरं सांगायचं तर या भेटीनंतर मी स्वतःवर जरा खूश होतो. प्रश्न साधाच होता, पण तो "मुलं वाचत का नाहीत" या दारातून न जाता दुसऱ्या दारातून आत गेला. नंतर असे अनेक शिक्षक बघितले आणि थोड्याफार फरकाने तेच सापडलं. कुणी वरिष्ठांसाठी लिहितो, कुणी स्वतःच्या जुन्या गाइडसाठी लिहितो, कुणी आपण किती कष्टाळू आहोत हे स्वतःलाच पटवण्यासाठी लिहितो. मुलासाठी लिहिलेल्या कॉमेंट त्या गर्दीत हरवतात.

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने जाणारा माणूस आहे, हे मला वाचणाऱ्यांना माहीत आहे. १९५५च्या सुमारास त्याने आपली पद्धत मांडायला सुरुवात केली आणि २००७मध्ये जाईपर्यंत एक गोष्ट न थकता सांगितली: कृतीला मार्क द्या, माणसाला देऊ नका. दुसऱ्याला नको आणि स्वतःला तर नकोच. इथे गंमत बघा, टेबलाच्या दोन्ही बाजूंना तोच घोटाळा चालू होता. मुलीला वाटलं, निबंधात चाळीस चुका म्हणजे मीच वाईट. बाईंना वाटत होतं, माझ्या नजरेतून एक चूक सुटली म्हणजे मी निष्काळजी शिक्षक.

"समजा सुटली एक चूक. मग?"

"मग कोणीतरी म्हणेल की यांनी बघितलंच नाही."

"म्हणेल. मग?"

"मग... वाईट वाटेल."

"किती दिवस?"

इथे त्या हसल्या. "एक-दोन दिवस. आत्ता तर वर्षानुवर्षं वाटतंय."

हे नुसतं एलिसचं तत्त्वज्ञान आहे असं समजू नका. १९९६मध्ये क्लूगर आणि डेनिसी या दोन संशोधकांनी फीडबॅकवरचे जुने अभ्यास एकत्र करून सहाशेच्या वर निष्कर्ष तपासले. सरासरीने फीडबॅकचा फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी फीडबॅक दिल्यावर काम उलट बिघडलं होतं. त्यांचं म्हणणं असं की ऐकणाऱ्याचं लक्ष कामावरून निघून स्वतःवर गेलं, मी कसा, माझी लायकी काय, तिकडे गेलं, की परिणाम घसरतो. म्हणजे "तू हुशार आहेस"सुद्धा फारसं कामाचं नाही. "दुसऱ्या परिच्छेदात तू विरोधी मत आधी मांडून मग खोडलंस, ते जमलंय" हे कामाचं आहे.

त्यात ऑनलाइनचा स्वतःचा घोळ असतो. समोरासमोर "हे असं का लिहिलंस?" म्हणताना चेहऱ्यावर हसू असतं, समासातल्या "का?"ला चेहरा नसतो. २००५मधल्या एका प्रयोगात लोकांना ईमेलमधून उपरोध किंवा गांभीर्य पोचवायला सांगितलं होतं. पाठवणाऱ्यांना वाटत होतं शंभरातल्या पाऊणशेच्या वर वेळा समोरच्याला सूर बरोबर कळेल, प्रत्यक्षात कळला तो निम्म्याहून जरा जास्त वेळा, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच झालं. शिवाय मोबाइलवर नोटिफिकेशन येतं त्यात बऱ्याचदा फक्त सुरुवातीचे चार शब्द दिसतात. तुमची पहिली ओळ "विश्लेषण आढळत नाही" असेल तर मूल पुढे उघडेलच असं नाही, आणि मग आपण म्हणतो मुलं उघडत नाहीत.

आता मॅडमनी पुढे काय केलं ते सांगतो, कारण लोकांना तेच हवं असतं.

सगळ्यात आधी दोन वाचक वेगळे केले. मार्क का कापले याचा खुलासा गेला रुब्रिकमध्ये, म्हणजे मार्क देण्याच्या निकषांच्या तक्त्यात: निकष, पातळी, मार्क, बस. तक्रार आली तर ते पुरतं. कॉमेंट फक्त मुलासाठी राहिली. फाइलवर तीनच मोठ्या गोष्टी लिहायच्या: काय जमलं (नेमकं, जागा दाखवून), सगळ्यात मोठी अडचण कोणती, आणि पुढच्या कामात काय वेगळं करायचं. तिसरी सगळ्यात महत्त्वाची आणि नेमकी तीच लिहायची राहते. व्याकरण, संदर्भांची मांडणी असलं सगळ्यांचं चुकतं ते चाळीस फायलींवर चाळीस वेळा लिहिण्यापेक्षा वर्गासाठी एकच पान बनवायचं आणि सगळ्यांना पाठवायचं. सुरुवातीला त्यांचा हात आवरेना, चूक दिसली की बोट फुगा टाकायला जायचंच. मग ठरलं की फाइल एकदा हात मागे ठेवून पूर्ण वाचायची, कॉमेंट दुसऱ्या वाचनात.

दुसरं, मार्क आणि कॉमेंट एकदम सोडायच्या नाहीत. रूथ बटलर या संशोधिकेचा १९८८चा अभ्यास आहे, शाळकरी मुलांवरचा, पण मला तो युनिव्हर्सिटीतही लागू वाटतो: नुसत्या कॉमेंट मिळालेल्यांचं काम सुधारलं, मार्कासोबत कॉमेंट मिळालेल्यांना तसा फायदा झाला नाही. मार्क दिसला की बाकीचं वाचायचं कशाला. मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मार्किंग वर्कफ्लो आहे त्यात मार्क तयार ठेवून नंतर रिलीज करता येतात, गुगल क्लासरूममध्येही रिटर्न करेपर्यंत मार्क ड्राफ्टच असतात, तोवर डॉक्युमेंटमध्ये कॉमेंट टाकता येतात. मॅडम आधी कॉमेंट देतात, मुलांनी दोन ओळींत लिहायचं की यातलं मी पुढच्या वेळी काय बदलणार, मग मार्क. आयकॉन मोजत बसायची गरज उरली नाही, त्या दोन ओळी आल्या की कळतं. आणि हो, ज्या विषयाचं काम संपलंय त्याच्यावर ढीगभर लिहिण्यापेक्षा कच्च्या मसुद्यावर दोन वाक्यं जास्त उपयोगी, पण हे वेळापत्रक शिक्षकाच्या एकट्याच्या हातात नसतं हेही मला माहीत आहे.

काही फायलींवर त्या आता दोन-तीन मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करून टाकतात. आवाजात काळजी ऐकू येते, जी टाइप करताना कुठे जाते कोण जाणे. कॉमेंट बँकेतलं (साठवून ठेवलेल्या कॉमेंटच्या यादीतलं) तयार वाक्य वापरायलाही माझी हरकत नाही, फक्त त्याच्यापुढे त्या मुलाच्या लिखाणातला एखादा शब्द तरी उचलून ठेवा. एआयकडून कॉमेंट लिहून घेऊ का असं हल्ली फार विचारतात. मी उलट विचारतो, वेळ वाचवायला की जबाबदारी टाळायला? आणि विद्यार्थ्याचं लिखाण कुठेही अपलोड करण्याआधी संस्थेचा नियम बघा. सिमिलॅरिटीचा आकडा, म्हणजे लिखाण दुसरीकडच्या मजकुराशी किती टक्के जुळतं तो, तर नुसता पाठवूच नका. हा आकडा काढणारं टर्निटिन हे सॉफ्टवेअरसुद्धा सांगतं की तो आकडा म्हणजे चोरी नव्हे, त्यात अवतरणं आणि संदर्भयादीही धरली जाऊ शकते. पण लाल रंग दिसलेल्या मुलाला हे कोणी समजावून सांगत नाही.

त्या मुलीचं काय झालं? ड्राफ्टमधलं लांबलचक उत्तर आम्ही वाचलं, त्यात पाऊण तासाचा उल्लेख दोनदा होता. ते काढून टाकलं आणि त्यांनी नवं लिहिलं, साधारण असं: "आवडण्या-न आवडण्याचा यात संबंध नाही. मी एवढ्या कॉमेंट टाकल्या की महत्त्वाचं काय ते कळणं कठीण होतं. सध्या फक्त पान २ बघ, तिथे तुझा दावा चांगला आहे पण त्याला आधार नाही. तो शोध. बाकीचं आत्ता सोड. माझी तुझ्याकडून जास्त अपेक्षा आहे आणि तुला ते जमेल असं मला दिसतंय." शेवटचं वाक्य मी मुद्दाम घालायला लावलं. कडक टीकेबरोबर उंच अपेक्षा आणि विश्वास दोन्ही स्पष्ट बोलून दाखवले तर मुलं ती टीका घेतात, यावर चांगलं संशोधन झालंय. अर्थात विश्वास खरा असेल तरच, उगाच चिकटवलेला लगेच कळतो.

मुलीने चार दिवसांनी पान २ नवं लिहून पाठवलं. फार ग्रेट नव्हतं, मॅडम म्हणाल्या, पण आधार शोधला होता.

वर्गातली काही मुलं आजही काहीच उघडत नाहीत. पहिल्यांदा हे सांगताना मॅडमचा आवाज चढायचा, आता चढत नाही. मुलांनी वाचावं अशी इच्छा जरूर ठेवा, पण वाचलंच पाहिजे असा हट्ट धरला की रात्रीची झोप तुमची जाते, त्यांची नाही. त्या दोन ओळी न आलेल्यांची नावं त्या आठवड्यातून एकदा बघतात, एक छोटा मेसेज टाकतात आणि लॅपटॉप बंद करतात.

मार्कांवरून वाद घालणारे मेल येतात त्यांच्यासाठीही नियम ठेवलाय आणि तो टर्मच्या सुरुवातीलाच वर्गाला सांगितलाय. मार्क हाती आल्यावर पहिले चोवीस तास मेल करायचा नाही, नंतर करायचा तो रुब्रिकमधला निकष सांगून, आणि उत्तर कामाच्या वेळेतच मिळेल. रात्री मेल दिसलाच आणि बोटं शिवशिवली तर उत्तर खुशाल लिहावं, फक्त "प्रति"ची जागा रिकामी ठेवून. सकाळी त्यातलं निम्मं तरी कापलं जातं, असं त्या सांगतात.