बर्फाने झाकलेल्या धावपट्टीवर छोटं विमान उतरवताना नेमका धोका कशाचा असतो?

चाकं घसरतील, ही भीती सगळ्यांनाच वाटते आणि ती खरीही आहे. पण माझ्या मते त्याहून घातक गोष्ट म्हणजे प्रकाश. आभाळ ढगाळ आणि खाली अखंड पांढरं असलं की सावल्याच पडत नाहीत. मग जमीन पन्नास फुटांवर आहे की पाच, हे डोळ्यांना कळेनासं होतं. वैमानिकाला वाटतं अजून उंची आहे, आणि विमान थेट बर्फावर आदळतं. म्हणूनच अलास्कातले जुने वैमानिक उतरण्याआधी वरून झाडाच्या फांद्या टाकत. त्या पांढऱ्यावर काहीतरी गडद दिसलं की नजरेला आधार मिळतो.

दुसरं, बर्फ किती खोल आहे हे वरून समजत नाही. भुसभुशीत बर्फात चाकं रुतली की विमान नाकावर उलटू शकतं. त्यामुळे अशा ठिकाणी स्की, म्हणजे बर्फावरून घसरणाऱ्या लांब सपाट पट्ट्या, लावलेली विमानं वापरतात. अलास्कातल्या देनाली पर्वताच्या गिर्यारोहकांना टॅल्कीटना गावाहून काहिल्टना हिमनदीवर, सुमारे २,२०० मीटर उंचीवर, अशीच विमानं नेऊन सोडतात. तिथे चढाच्या दिशेने उतरायचं आणि उताराच्या दिशेने उडायचं. स्कीला ब्रेक नसतो, वेग चढच कमी करतो. हिमनदीच्या भेगा ताज्या बर्फाखाली झाकलेल्या असतात, तो धोका वेगळाच.

आणि उतरल्यावरही सावध राहावं लागतं. घर्षणाने तापलेली स्की थांबल्यावर बर्फाला गोठून चिकटते. नवख्या वैमानिकाने अनुभवी माणूस शेजारी असल्याशिवाय हे करूच नये.