घानाला पहिल्यांदा जाताना तिथल्या रीतीभातींविषयी काय माहीत असावे?

कामानिमित्त काही महिने आक्रा आणि कुमासी येथे राहावे लागणार असल्याने तिथल्या लोकांशी वागताना काय पाळावे, असे आपण विचारले आहे. मी नोकरीसाठी आक्र्यात राहिले आहे, त्या अनुभवावरून लिहिते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे अभिवादन. कार्यालय असो, दुकान असो की टॅक्सी, आधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणावे, समोरच्याची खुशाली विचारावी, उत्तर ऐकून घ्यावे आणि मगच कामाचे बोलावे. दुकानात शिरताच ‘अमुक आहे का?’ असे विचारण्यात आपल्याकडे कोणालाच वावगे वाटत नाही; घानात मात्र तो सरळसरळ उद्धटपणा ठरतो. जो बाहेरून येतो त्याने आधीपासून बसलेल्यांना अभिवादन करायचे असते, आणि अनेक जण बसले असतील तर हस्तांदोलन आपल्या उजव्या बाजूच्या व्यक्तीपासून सुरू करून क्रमाने डावीकडे जायचे असते, मग सर्वांत ज्येष्ठ गृहस्थ मध्येच का बसलेले असेनात. कोणाच्या घरी गेल्यास प्रथम बसायला जागा आणि प्यायला पाणी मिळते, आणि त्यानंतर यजमान येण्याचे कारण विचारतात. आपण मित्राकडे सहज गेलो असलो तरी हा प्रश्न येतोच. त्यात परकेपणा नसतो, म्हणून तो विचारला जाईपर्यंत स्वतःहून कामाचा विषय काढू नये.

दुसरी गोष्ट डाव्या हाताची. प्रसाद डाव्या हाताने घेऊ नये हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते, परंतु घानात हा नियम पैसे देणे, कागद पुढे करणे, रस्ता दाखवणे, इतकेच काय पण दुरून हात हलवणे, या सगळ्यालाच लागू होतो. उजवा हात मोकळा नसेल तर तिथले लोक ‘सॉरी फॉर लेफ्ट’ असे म्हणून डावा हात पुढे करतात. आपणही तसेच म्हणावे.

कुमासी ही असांते लोकांची राजधानी. मान्हिया राजवाड्यात १९९९ पासून ओसेई टुटू दुसरे हे असांतेहेने, म्हणजे असांते राजे, गादीवर आहेत. देशात निवडून आलेले सरकार असले तरी पारंपरिक प्रमुखांचा मान आजही खरा आहे, तो केवळ पर्यटकांसाठी उरलेला सोहळा नव्हे. एखाद्या गावच्या प्रमुखाला भेटण्याचा प्रसंग आला तर टोपी काढावी, पायावर पाय टाकून बसू नये, आणि प्रमुखांशी थेट न बोलता ‘ओक्येआमे’ या त्यांच्या प्रवक्त्यामार्फत बोलावे. भेट म्हणून श्नॅप्स या मद्याची बाटली नेण्याची प्रथा आहे. आपल्याला ते रुचत नसेल तर बाटलीऐवजी पैसे देणे चालेल का, हे सोबतच्या स्थानिक सहकाऱ्याला आधीच विचारून ठेवावे.

सहकारी आपल्याला त्यांच्या घरच्या अंत्यविधीलाही बोलावतील, मृत व्यक्तीला आपण कधी पाहिलेले नसले तरी. शक्य असेल तर अवश्य जावे. हे विधी बहुधा शनिवारी होतात. कपडे काळे किंवा लाल-काळे असतात, आणि पिकल्या वयात मृत्यू आला असेल तर पांढरे-काळे. कुटुंबाला खर्चासाठी थोडी रक्कम देण्याची रीत आहे.

आपण शाकाहारी असाल तर सावध राहावे. चवळी आणि तळलेली केळी यांचे ‘रेड-रेड’ किंवा चवळी घातलेला ‘वाचे’ हा भात शाकाहारी वाटतो, पण त्यात मासळी आहे का हे विचारावेच लागते. ‘शितो’ या काळ्या तिखट चटणीत तर सुके मासे आणि सुकट असते. फुफू, म्हणजे उकडलेले कंद कुटून केलेला मऊ गोळा, उजव्या हाताने खातात आणि न चावता गिळतात. कोणी जेवत असताना आपण जवळून गेलो तर ‘यू आर इन्व्हायटेड’ असे म्हणतात. आपल्या ‘या जेवायला’सारखेच ते आहे, आभार मानून पुढे जाता येते.

एक गोष्ट भारतीयांना मुद्दाम सांगावीशी वाटते. लेगॉन येथील घाना विद्यापीठात २०१६ साली गांधीजींचा पुतळा बसवला गेला आणि आफ्रिकन लोकांविषयीच्या त्यांच्या सुरुवातीच्या लेखनावर प्राध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी आक्षेप घेतल्यानंतर २०१८ साली तो हलवण्यात आला. हा विषय निघाल्यास वाद न घालता त्यांचे म्हणणे नीट ऐकावे. आपल्या समाजात काळ्या रंगाविषयी सहज जे बोलले जाते, ते तिथे मराठीतसुद्धा तोंडून निघू देऊ नये.

बाकीची माहिती थोडक्यात अशी. घाना ६ मार्च १९५७ रोजी ब्रिटिशांपासून स्वतंत्र झाला आणि क्वामे एन्क्रुमा यांनी त्याचे नेतृत्व केले. कारभाराची भाषा इंग्रजी असून कुमासीत ट्वी आणि आक्र्यात गा या भाषा ऐकू येतात. चलन सेडी आहे. भारताची वेळ तिथल्या वेळेच्या साडेपाच तास पुढे असते. लष्करी छापाचे कपडे नागरिकांना वापरण्यास बंदी आहे, त्यामुळे तशी पँट किंवा पिशवी बॅगेत भरू नये. हिवतापाविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रात घ्यावी आणि तिचे पिवळे प्रमाणपत्र परतीच्या प्रवासातही पासपोर्टसोबतच ठेवावे, कारण घानाहून येणाऱ्या प्रवाशांकडे ते भारतातही मागितले जाते आणि ते नसेल तर विलगीकरणात राहावे लागू शकते.