आधी मुलाची बोटं बघा

ठाण्याच्या पाचपाखाडीत वाढलेल्या आणि आता अमेरिकेत मिनेसोटात राहणाऱ्या एका बाबांचं लांबलचक पत्र आलंय. मुद्द्याचं तेवढं घेते. ‘‘मला स्नोमोबाईलचं (बर्फावर चालणाऱ्या स्कूटरसारख्या गाडीचं) वेड आहे, वाटलं मुलांनाही लागेल. पण नऊ वर्षांचा मुलगा मागे बसला की वीस मिनिटांत ‘बोअर होतंय, घरी चला’ म्हणतो आणि गाडीत मोबाईल घेऊन बसतो. तेरा वर्षांच्या मुलीला स्वतः चालवायचीय. आई डिसेंबरात ठाण्याहून येतेय, तिला हा जिवावरचा खेळ वाटतो. बायको म्हणते, शनिवारची मराठी शाळा बुडते. मुलांना गोडी कशी लावू?’’

गोडीचं नंतर. पोराच्या पायात बूट कसले आहेत? मोजे किती चढवता? आत बनियन कसला? एवढ्या मोठ्या पत्रात स्लेडचं, म्हणजे त्या स्नोमोबाईलचं, इंजिन किती सीसीचं ते आहे, सस्पेन्शनचं कौतुक आहे, मुलाच्या हातमोज्यांबद्दल मात्र अक्षर नाही!

बाबांचा उत्साह उतू जात असताना ‘मला थंडी वाजतेय’ असं मूल सहसा म्हणत नाही. ते ‘बोअर होतंय’ म्हणतं. माझ्या दोन्ही मुलांचं हेच होतं, आता नातवाचंही तेच.

तुमच्यासमोर विंडशील्ड असते, हँडलच्या मुठी गरम होतात, थ्रॉटल, ब्रेक, वळणं यांत अंग हलत राहतं. मागचं मूल नुसतं बसून असतं. शिवाय लहान शरीरात वजनाच्या मानाने कातडी जास्त, त्यामुळे ऊब भराभर निघून जाते. उणे १५ अंशांत ताशी ४० किलोमीटरने गेलात तर उघड्या कातडीला ती हवा उणे २७ सारखी लागते. उणे २८ च्या पुढे उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. तलावपाळीवर १८ अंशांना स्वेटर चढवणारी माणसं आपण, हे आकडे आपल्या अंगवळणी नाहीत. म्हणून तर लिहून ठेवा म्हणते.

आता कपडे. अंगाला चिकटून जो थर असतो तो मेरिनो लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा हवा. आई गोखले रोडवरून ‘थर्मल’ आणतील, तर आधी लेबल वाचायला सांगा, पुष्कळदा तो कापूसच असतो. कापूस घाम धरून ठेवतो आणि ओला कपडा अंगातली ऊब शोषून घेतो. त्यावर फ्लीस, त्यावर वारा अडवणारं बिब (छातीपर्यंत येणारी, खांद्यावर पट्ट्यांची पँट) आणि जॅकेट. बिब-जॅकेट घरात घालून पोराला दहा मिनिटं ताटकळत ठेवू नका. तापवलेल्या घरात ते घामेजतं आणि बाहेर पडताच गारठतं. आधी स्लेड सुरू करा (गॅरेजबाहेर काढून, आत इंजिन चालवलं तर कार्बन मोनॉक्साइड साचतो), मग मुलाला शेवटचा थर चढवा.

बुटांत लोकरी मोजा एकच. ‘थंडी आहे ना, घाल दोन’ हे आपल्याकडचं प्रेम इथे उलटं पडतं. बूट घट्ट झाला की आतली हवा जाते, रक्त पोचत नाही आणि बोटं आणखी गार पडतात. बुटात बोटं वळवळता आली पाहिजेत. आतला फेल्टचा लायनर (जाड अस्तर) रोज रात्री बाहेर काढून वाळवा. हात गरम ठेवायच्या पुड्या चालतील, पण त्यांना हवा लागते. आधी उघडून ठेवा, कातडीला थेट लावू नका आणि घट्ट बुटात कोंबू नका, तिथे त्या तापतच नाहीत. पाच बोटांच्या हातमोज्यापेक्षा मिटन (चारही बोटं एकाच कप्प्यात राहतात तो हातमोजा) बरा, त्यात बोटं एकमेकांना ऊब देतात. तोंड झाकणाऱ्या हेल्मेटला दुहेरी काच आणि श्वास खाली वळवणारा मास्क हवा. काच धुरकटली की मूल ती वर करतं आणि नाक गोठतं.

आईंनी विणलेला मफलर घरात मिरवू दे. लोंबणारं टोक ट्रॅकमध्ये (स्लेडच्या खालच्या फिरत्या पट्ट्यात) अडकलं तर गळ्याला फास बसतो. बाहेर फक्त बालाक्लाव्हा, म्हणजे आपली माकडटोपी.

दर पंधरा मिनिटांनी थांबा, मिटन काढून बोटं स्वतः चाचपा. ‘दुखतंय’ म्हणाला तर परत फिरा. ‘आता दुखत नाही’ म्हणाला आणि कातडी पांढरट, मेणासारखी दिसली तर जास्त घाबरा. चोळू नका, बर्फ तर मुळीच लावू नका. हात काखेत धरा आणि घरी पोचल्यावर कोमट पाण्यात बुडवा. या मोसमात एकूण फेरी फार तर अर्ध्या तासाची ठेवा, त्याने ‘चला’ म्हणायच्या आत संपवा. शेंगदाण्याचे लाडू आतल्या खिशात ठेवा. बाहेरच्या खिशात त्यांचा दगड होतो, आमच्या ह्यांच्या दाढेला विचारा.

आता बाकीचं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची अकादमी म्हणते, सोळाच्या आत चालवू नये, सहाच्या आत मागेही बसवू नये. कायदा त्याहून सैल आहे. मी अकादमीकडे झुकते. तरी लेकीला शिकवणारच असाल तर आधी तिचं सेफ्टी सर्टिफिकेट. मिनेसोटात ते ३१ डिसेंबर १९७६ नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला लागतं, म्हणजे बहुधा तुम्हालाही. पत्रात त्याचा उल्लेख नाही, बरं का! टेदर कॉर्ड (इंजिनाच्या स्विचला जोडलेली दोरी) तिच्या जॅकेटला अडकवलेली हवी, लेक पडली की इंजिन बंद. तळ्यावर न्यायचं तर नवा, पारदर्शक बर्फ १३ ते १८ सेंटीमीटर असावा. पांढरा बर्फ निम्म्याच ताकदीचा असतो, तिथे जाडी दुप्पट धरा.

आईंना लेकीचा हेल्मेट-टेदरचा सराव अंगणात दाखवा, पुढचं त्या ठरवतील.

मराठी शाळा बुडवू नका. ती सकाळी, स्लेड दुपारी. डिसेंबरात तिथे साडेचारला सूर्य मावळतो आणि हेडलाइटचा झोत जेमतेम ६० मीटर पोचतो, तेव्हा चारच्या आत गॅरेजात या.