क्वांटम फिजिक्स घरबसल्या : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मेकॅनिकल इंजिनीअर आहे, शिक्षण संपून बरीच वर्षं झाली. क्वांटम फिजिक्सचे ऑनलाइन कोर्स दोन-तीनदा सुरू केले, पण चौथ्या व्याख्यानापुढे गाडी जात नाही. गणित विसरलोय. कुठून सुरू करू? (नाशिक)

उत्तर : आधी दीड-दोन महिने गणिताला द्या. सगळं नको. संमिश्र संख्या, मॅट्रिक्स आणि त्यांच्या आयगेनव्हॅल्यू, साधी डिफरेन्शियल इक्वेशन्स, थोडी संभाव्यता एवढं पुरतं. इंजिनीअरिंगच्या गणितात हे तुम्ही केलेलं आहे, उजळणी लवकर होईल. मग दोहोंपैकी एक घ्या : एमआयटी ओपनकोर्सवेअरवरचा बार्टन झ्वीबाख यांचा २०१६ चा कोर्स, किंवा एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या मंचावरची आयआयटी मद्रासच्या व्ही. बालकृष्णन यांची व्याख्यानं. दोन्ही फुकट आहेत. झ्वीबाख पायरीपायरीने नेतात आणि सोबत गृहपाठही मिळतो, म्हणून तुमच्यासाठी मी तोच निवडेन. बालकृष्णन दुसऱ्या फेरीला ऐका, तेव्हा त्यांचा आवाका खरा कळेल.

पण अडचण फक्त विसरलेल्या गणिताची नसावी. फळ्यावर सगळं सुरळीत उलगडत जातं आणि आपल्याला कळलं असं वाटतं. खरंच कळलंय का हे बघायचं असेल, तर व्हिडिओ बंद करून पेटीतल्या इलेक्ट्रॉनचं उदाहरण सोडवा. पेटी १ नॅनोमीटर रुंद. श्रोडिंगरचं समीकरण मांडा, दोन्ही भिंतींपाशी तरंगफल (वेव्ह फंक्शन) शून्य ठेवा. सर्वांत खालची ऊर्जा सुमारे ०.३८ इलेक्ट्रॉनव्होल्ट येते, दुसरी पातळी तिच्या चौपट. इलेक्ट्रॉन दुसऱ्या पातळीवरून पहिलीवर उतरला, तर सुमारे ११०० नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश बाहेर पडेल. आता पेटी निम्मी करा. सगळ्या ऊर्जा चौपट होतात आणि प्रकाश थेट अतिनील भागात जातो. क्वांटम डॉट्सचं, म्हणजे काही नॅनोमीटरच्या स्फटिककणांचं, मूळ इथेच आहे. खऱ्या डॉटमध्ये त्या पदार्थाचा बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला ओलांडावी लागणारी ऊर्जेची दरी, हीही धरावी लागते, पण आकार घटला की रंग निळ्याकडे सरकतो त्याचं कारण हेच. २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल बावेंडी, ब्रूस आणि येकिमोव्ह यांना या डॉट्ससाठीच मिळालं. एका पानाच्या गणितातून तुम्ही तिथवर जाता! हा आनंद नुसतं बघून मिळत नाही, म्हणून आठवड्याला एकच व्याख्यान झालं तरी चालेल, पण त्याची गणितं सुटलीच पाहिजेत.

प्रश्न : मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. व्याख्यानातलं इंग्रजी फार भराभर जातं. मराठीत काही आहे का? (हिंगोली)

उत्तर : पूर्ण कोर्सच्या तोडीचं मराठीत फारसं नाही, आणि याची मला खंत आहे. तरी तू अडून राहू नकोस. व्हिडिओचा वेग पाऊणपट कर, सबटायटल्स लाव. दहा मिनिटं ऐकून थांब आणि जे कळलं ते स्वतःच्या मराठीत लिही. संज्ञा इंग्रजी राहिल्या तरी चालतील, कारण मात्र मराठीत मांड. जिथे वाक्य अडेल तिथेच पुन्हा ऐकायचं.

कोलोरॅडो विद्यापीठाची फेट ही सिम्युलेशन्सही वापर. त्यांतली अनेक मराठीत आहेत. प्रकाशविद्युत परिणामाच्या सिम्युलेशनमध्ये सोडियमवर लाल प्रकाश टाक आणि तीव्रता कितीही वाढव, एकही इलेक्ट्रॉन सुटणार नाही. मंद जांभळा प्रकाश टाकला की लगेच सुटतात. आइन्स्टाइनने १९०५ मध्ये दिलेलं स्पष्टीकरण त्यानंतर वाच.

प्रश्न : आयटीत आहे. फिजिक्स टाळून थेट क्वांटम कॉम्प्युटिंग शिकता येईल का? (पुणे)

उत्तर : सुरुवात नक्की करता येईल. क्युबिट (क्वांटम संगणकाचा बिट) म्हणजे दोन घटकांचा संमिश्र सदिश आणि गेट (त्यावरची क्रिया) म्हणजे मॅट्रिक्स, एवढ्यावर बरंच चालतं. आयबीएमने २०१६ मध्ये पाच क्युबिटचं यंत्र क्लाउडवर खुलं केलं, तेव्हापासून घरून प्रयोग करता येतात. आयबीएमचं क्विस्किट हे सॉफ्टवेअर घ्या, दोन क्युबिटपैकी पहिल्यावर हॅडामार्ड गेट लावा, मग पहिल्याकडून दुसऱ्यावर सीनॉट गेट लावा आणि हजारदा मोजा. सिम्युलेटरवर ०० आणि ११ साधारण निम्मेनिम्मे येतील. खऱ्या यंत्रावर थोडे ०१ आणि १० सुद्धा दिसतील. ते कुठून आले, हे समजून घ्यायला फिजिक्स लागेलच.

प्रश्न : ऑनलाइन प्रमाणपत्राला किंमत असते का? (रत्नागिरी)

उत्तर : एनपीटीईएलच्या प्रमाणपत्राला असते, कारण त्याची परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. शिकणं फुकट, परीक्षेला शुल्क. या क्षेत्रात पैसाही येतोय : केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे ६००० कोटींचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं, त्यातलं क्वांटम सेन्सिंगचं केंद्र आयआयटी मुंबईत आहे. पण संशोधनात जायचं असेल, तर एमएस्सीच्या प्रवेशासाठी जॅम या प्रवेश परीक्षेची तयारी आधी करा. प्रमाणपत्र तिची जागा घेत नाही.

प्रश्न : आईला कोणी 'क्वांटम हीलिंग'चा महागडा ऑनलाइन कोर्स सुचवलाय. गुडघेदुखी बरी होते म्हणतात. (कोल्हापूर)

उत्तर : नाही होत. एमआरआय यंत्र अणुकेंद्रांच्या स्पिन या क्वांटम गुणधर्मावर चालतं, तिथे क्वांटम फिजिक्स खरोखर उपयोगी पडतं आणि काय घडतं ते मोजून दाखवता येतं. या कोर्सांत मोजण्यासारखं काहीच नसतं, फक्त शब्द उसने घेतलेले असतात. आईंना हाडांच्या डॉक्टरांकडे न्या आणि हे पैसे अजिबात भरू नका.