रानवाटेचा टायर : नक्षी नंतर, आधी रबर

पाऊस सुरू झाला की टपालात टायरचीच पत्रं जास्त येतात. यातलं पहिलं पत्र मला फार महत्त्वाचं वाटलं, म्हणून त्याला जागा जास्त दिली आहे.

प्रश्न : माझ्याकडे हिरो एक्सपल्स २०० फोर व्ही आहे. आमच्या काजूच्या बागेकडे जाणाऱ्या शेवटच्या टप्प्यात लाल चिखल, झाडांची उघडी मुळं, शेवाळलेले दगड आणि एक ओहोळ लागतो. यंदा खास उंच, विरळ बटणांचे टायर घातले. चिखलात गाडी आता मस्त चढते. पण ओल्या मुळांवर पुढचं चाक आधीपेक्षाही जास्त सटकतं. माझं चालवणं चुकतंय की टायर? दुसरा घ्यायचा तर कोणता?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : तुमचं चालवणं मी पाहिलेलं नाही, पण तुम्ही जे लिहिलंय ते टायरकडे बोट दाखवतं. चिखलात छान आणि मुळांवर वाईट, हे उंच विरळ बटणांच्या कडक टायरचं अगदी ठरलेलं वागणं आहे.

चिखलात बटण, म्हणजे टायरवरचा उभा रबरी ठोकळा, कुदळीसारखं काम करतं. ते आत रुततं, मातीला टेकू घेतं आणि गाडी पुढे ढकलतं. दोन बटणांमध्ये जागा मोठी असली की चाक फिरताना माती झडते आणि पुढच्या फेरीला बटण पुन्हा मोकळं असतं. ओल्या मुळावर किंवा कातळावर मात्र रुतायला काही नसतंच. तिथे रबराने पृष्ठभागावर पसरायचं असतं, त्याचे उंचसखल भाग कवेत घ्यायचे असतात. रबर कडक आणि बटणं विरळ असली तर एका वेळी मुळावर दोन-तीन टोकंच टेकतात, आणि बटण उंच असल्यामुळे तीही भार पडताच वाकतात. बटणाची उंची म्हणजे पकड, हा समज आपल्याकडे फार घट्ट बसलाय. एफआयएम या आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाच्या एन्ड्युरो (रानावनातल्या लांब पल्ल्याच्या) शर्यतींत तर मागच्या टायरचं बटण १३ मिलिमीटरपेक्षा उंच चालत नाही, आणि तेच टायर घालून मंडळी ओल्या जंगलात दगड चढतात.

म्हणून दुकानात गेलात की नक्षी नंतर बघा. आधी अंगठ्याचं नख बटणाच्या बाजूवर दाबा. दोन-तीन वेगवेगळ्या टायरवर लागोपाठ दाबलंत की फरक हाताला लगेच कळतो. ज्यात नख रुततं आणि खूण हळूहळू भरून येते, ते रबर मुळांवर धरेल. मग बटण दोन्ही बोटांत धरून हलवा. बुडाशी रुंद, थोडं आखूड आणि शेजारच्या बटणाशी रबराच्या पट्टीने जोडलेलं असेल तर ते वाकणार नाही. तुमच्या वाटेला मऊ आणि कठीण जमिनीच्या मधल्या प्रकारचा, म्हणजे ‘इंटरमीडिएट टेरेन’चा टायर लागतो. इथे एक सांभाळा. टायरवर ‘सॉफ्ट टेरेन’ लिहिलेलं असतं ते जमिनीबद्दल असतं, रबराबद्दल नाही. मऊ जमिनीच्या टायरचं रबर बऱ्याचदा कडक असतं, कारण बटणाला मातीत ताठ उभं राहायचं असतं. तुम्ही बहुधा तोच प्रकार घेतलाय.

कंपनीचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. एकाच कंपनीचे दोन टायर या बाबतीत दोन टोकांचे असतात. त्यापेक्षा साइडवॉलवरचे, म्हणजे टायरच्या बाजूवरचे, बनावटीच्या तारखेचे चार आकडे वाचा. २३२५ असेल तर तो २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. मऊ रबर नुसतं पडून राहिलं तरी कडक होतं, त्यामुळे दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला टायर स्वस्त मिळाला तरी पुढच्या चाकाला घालू नका.

आणि पैसे घालायचेच तर पुढच्या चाकावर घाला. मागचं चाक सटकलं तर गाडी तिरपी होते, सावरता येते. पुढचं सटकलं की माणूस खालीच. कोल्हापुरातल्या माझ्या गॅरेजात येणारी बहुतेक पोरं मागे नवा कोरा टायर घालतात आणि पुढचा ‘अजून चालतोय’ म्हणून ठेवतात. पुढच्या टायरची बटणं उंचीला शिल्लक असली तरी त्यांच्या कडा गोल झाल्या की वळणावर तो धरत नाही. मला हे बघवत नाही, कारण हात मोडून येतात तेही यातलेच असतात. तुम्ही पुढे मऊ रबराचा नवा घ्या. मागे थोडं कडक रबर चालेल, नाहीतर जांभा दगड ते पाहता पाहता खाऊन टाकतो.

माप कंपनीचंच ठेवा, पुढे ९०/९०-२१ आणि मागे १२०/८०-१८. मागे रुंद १४० घालायचा मोह टाळा. अरुंद रिमवर रुंद टायर दोन्ही बाजूंनी आवळला जातो, त्याची पाठ गोल होते आणि जमिनीला टेकणारा भाग उलट कमी होतो. शिवाय चेन घासायची भीती. बदल करायचाच तर ११०/१००-१८ बघा. कागदावर १२०/८० ची उभी बाजू ९६ मिलिमीटर भरते आणि ११०/१०० ची ११०, म्हणजे रिम आणि दगड यांच्यामध्ये १४ मिलिमीटरची गादी जास्त मिळते. मडगार्ड आणि चेनजवळ जागा उरते का ते मात्र चाक हाताने फिरवून, सस्पेन्शन पूर्ण दाबून बघा. सीटही थोडी उंच होईल, पाय टेकत नसतील तर याच्या वाटेला जाऊ नका.

आता हवा. नवा टायर घेण्याआधी आजच हे करून बघा, कदाचित निम्मा त्रास इथेच संपेल. रस्त्यासाठी भरलेली हवा घेऊन तुम्ही रानात शिरत असाल, तर मऊ टायरसुद्धा मुळावर दगडासारखा टेकेल. बाग सुरू होते तिथे थांबून पुढे १५ आणि मागे १६ पीएसआयपर्यंत उतरवा. तुमचं वजन जास्त असेल किंवा मागे काजूचं पोतं असेल तर दोन-तीन जास्त ठेवा. याच्याखाली जायचं तर मागे रिम लॉक, म्हणजे टायरची कड रिमला आवळून धरणारा तुकडा, हवाच. नाहीतर जोरात ॲक्सिलरेटर दिला की टायर रिमवर सरकतो, ट्यूबला बरोबर ओढतो आणि व्हॉल्व्ह मुळातून उपटतो. रिम लॉक असेल तर १२-१३ वरही चालतं. व्हॉल्व्हचा तो छोटा नट रिमला आवळून ठेवू नका, वर टोपीपाशी सरकवून ठेवा. मग टायर सरकायला लागला की व्हॉल्व्ह तिरका दिसतो आणि वेळीच कळतं.

कमी हवेत ट्यूब रिम आणि दगडाच्या कात्रीत सापडून शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. त्यासाठी जाड, हेवी ड्यूटी ट्यूब घाला. हवा मोजायला ० ते ३० पीएसआयचं वेगळं गेज घ्या. मोठ्या आकड्यांच्या गेजवर १५ आणि १८ मधला फरक नीट वाचता येत नाही. आणि रस्त्याला लागायच्या आधी हवा परत भरा. चांगला हातपंप पुरतो.

महामार्ग क्रमांक ६६ वर याच टायरने जात असाल तर एक विनंती. ओल्या काँक्रीटवर बटण टायरला थांबायला जास्त अंतर लागतं. साइडवॉलवर रस्त्यासाठी नाही अशी सूचना छापलेली असेल तर तो टायर घालून महामार्गावर जाऊच नका. वेगाचं अक्षरही वाचा : एम म्हणजे ताशी १३० किलोमीटरपर्यंत, पी म्हणजे १५०.

मुळावर जाताना मूळ शक्यतो काटकोनात ओलांडा, ब्रेक आधीच सोडून द्या. टायर कितीही चांगला असला तरी तिरक्या ओल्या मुळावर पुढचा ब्रेक चालत नाही.

प्रश्न : मी रोज हिमालयन ४११ ने नोकरीला जाते, पाटण ते कराड. रविवारी मैत्रिणींबरोबर कोयनेच्या बाजूला जंगलातल्या वाटा धरायच्या आहेत. पूर्ण नॉबी (बटणांचे) टायर घालू का?
– एक वाचक, पाटण

उत्तर : ताई, नको. आठवड्याचे सहा दिवस डांबरावर जातात आणि तुमची गाडी सुमारे दोनशे किलोची आहे. मऊ नॉबी रोजच्या डांबरावर लवकर झिजतील आणि पावसात ब्रेक मारताना घाबरवतील. निम्मा रस्ता, निम्मी माती अशा बेताचा, ठोकळ्या-ठोकळ्यांच्या नक्षीचा टायर घ्या, ९०/९०-२१ आणि १२०/९०-१७ मध्ये. मातीत हवा २०-२२ पर्यंत उतरवा. गाडी जड आहे, त्याच्याखाली गेलात तर रिमला पोचे येतील.

कोयनेबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे, २०१० पासून. तिथे वाट दिसते म्हणून गाडी घालता येत नाही. राखीव जंगलातही परवानगीशिवाय शिरणं १९२७ च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे. गावच्या गाडीवाटा, मालकाला विचारून घेतलेली शेतं-माळ, बंद खाणींकडचे जुने रस्ते यांवर हवा तेवढा सराव होतो. कोकणात उतरलात तर सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर, चाक नेऊ नका. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कितीतरी सड्यांवर कातळशिल्पं आहेत, २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. बटण टायरने ओरखडलेली रेघ पुन्हा भरून येत नाही.

प्रश्न : न्यू जर्सीत राहतो. नंबरप्लेटवाली एन्ड्युरो गाडी आहे. पाइन बॅरन्समध्ये वाळूच वाळू, आणि कधी मित्रांबरोबर पेनसिल्व्हेनियात गेलं की नुसते धोंडे. एकच जोडी दोन्हीकडे चालेल का? मूस घालू का?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : पुढचा एकच चालेल, मागचे दोन ठेवा. वाळूत मागच्या टायरची बटणं उघडी, रुंद अंतराची हवीत. धोंड्यांवर नेमकं त्याच्या उलट, मऊ आणि दाट. तिथे मागच्या चाकाला ट्रायल्सचा (दगड-अडथळे हळू चढण्याच्या स्पर्धेचा) टायर घालून बघा. त्याची साइडवॉल इतकी लवचीक असते की ओल्या दगडावर तो चिकटून चढतो. वाळूत आणि गाळात मात्र तो निकामी. दोन टायर ठेवायचे नसतील तर मधला मऊ इंटरमीडिएट घ्या आणि वाळूत थोडं जास्त झगडायची तयारी ठेवा. वाळूत पुढचं चाक भरकटतं ते बहुतेक वेळा टायरमुळे नाही. वजन मागे घ्या, ॲक्सिलरेटर सोडू नका.

मूस मला स्वतःला आवडतो. हवेच्या जागी फोमची नळी, पंक्चर नावाची गोष्टच नाही. पण रस्त्यावर सलग वेगात तो तापतो आणि आतून विरघळायला लागतो. पाइन बॅरन्समधल्या वॉर्टन जंगलात रस्त्यावर चालायला पात्र, नोंदणी झालेली गाडीच लागते, म्हणजे तुम्ही मधे मधे डांबरावर येणारच. तुमच्यासाठी जाड ट्यूब आणि रिम लॉक हेच बरं. सोबत २१ इंची एक ट्यूब ठेवा. अडचणीत ती मागच्या १८ इंची चाकातही घडी करून बसते आणि घरी पोचवते.

प्रश्न : घरी टायर बदलताना दर वेळी नवी ट्यूब लिव्हरने फाटते.
– एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : ताकद लावावी लागतेय, म्हणजे टायरची कड चुकीच्या जागी आहे. रिमच्या मधोमध खोलगट भाग असतो. लिव्हर लावाल त्याच्या बरोबर समोरची कड गुडघ्याने दाबून त्या खळग्यात बसवा, मग इकडे सैल मिळतं. साबणाचं पाणी सढळ लावा. ट्यूबमध्ये आकार धरेल इतकीच हवा भरा, म्हणजे ती लिव्हरखाली येत नाही. लांब लिव्हर बाजूला ठेवा, आखूड तीन घ्या आणि एका वेळी दोन बोटांएवढाच भाग चढवा. शेवट व्हॉल्व्हपाशी करा. त्याआधी व्हॉल्व्ह आत ढकलून बघा. तो मोकळा आत-बाहेर झाला तर ट्यूब कडेखाली अडकलेली नाही, मग हवा भरायला हरकत नाही.