क्लाराची काळी माती

प्रश्न : मुलाकडे आयर्लंडला गेले होते, तेव्हा काउंटी ऑफलीतला क्लारा बॉग (दलदलीचा माळ) पाहिला. लाकडी पायवाट आणि दोन्ही बाजूंना काळीभोर, ओली माती. आमच्याकडे अशी जमीन कुणाला मिळाली तर तो लगेच ऊस लावील. तिथे मात्र शेवाळ, पांढऱ्या बोंडांचे गवत आणि चक्क कासला पाहिलेले दवबिंदू नावाचे कीटकभक्षी रोप! एवढे पाणी असून झाडे का नाहीत? आणि दवबिंदू घरी कुंडीत लावता येईल का? बोअरला पाणी भरपूर आहे.
— एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, माती परीक्षण प्रयोगशाळेत नोकरी केल्यामुळे काळा रंग पाहून मी कधी हुरळत नाही. तुमच्याकडची काळी माती बेसाल्ट झिजून झालेली. तिच्यात चुना आणि मॅग्नेशियम भरपूर, सामू (पीएच; सातच्या खाली आम्ल) बहुधा आठच्या आसपास. क्लाराला तुम्ही पाहिलेत ते पीट, म्हणजे पाण्याखाली हवा न मिळाल्यामुळे अर्धवट कुजून साचत गेलेल्या वनस्पती. त्यात खनिज कण जवळजवळ नसतातच. वर्षाला सरासरी मिलिमीटरभर थर चढतो, म्हणून तो मीटरच्या मीटर खोल आहे.

गंमत म्हणजे आयर्लंडच्या मध्यभागी जमिनीखाली चुनखडकच आहे. हिमयुग सरल्यावर, सुमारे 10,000 वर्षांपूर्वी, तिथे उथळ तळी होती. भूजलातून चुना यायचा, त्यावर बोरू-लव्हाळे माजायचे आणि मरून तळाशी बसायचे. हा गाळ चढत चढत इतका वर आला की भूजल माथ्यापर्यंत पोचेना. तिथून पुढे वरच्या रोपांना जे मिळते ते पावसातून आणि वाऱ्याबरोबर येणाऱ्या धुळीतून. पावसाच्या पाण्यात कॅल्शियम, स्फुरद, पालाश असून असून किती असणार?

उरलेसुरले काम स्फॅग्नम शेवाळ करते. त्याच्या पेशीभित्तिका पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात हायड्रोजनचे आयन सोडतात. बोअरचे पाणी मऊ करणाऱ्या यंत्रात चालते तीच ही अदलाबदल, फक्त यंत्र सोडियम सोडते आणि शेवाळ आम्ल. त्यामुळे सामू चारच्या आसपास उतरतो. शिवाय कोरड्या वजनाच्या वीसपट पाणी हे शेवाळ धरून ठेवू शकते; त्या पाण्यात मुळांना प्राणवायू मिळत नाही आणि कुजवणारे जिवाणू मंदावतात. नत्र आहे, पण मेलेल्या पाल्यात अडकलेले. याच ऑफलीत 2003 साली पीटमध्ये लोहयुगातल्या एका माणसाचे शरीर सापडले, हातांची नखेसुद्धा शाबूत! तिथे झाडाला खत कुठून मिळणार?

तरी काहींनी तोडगा काढला आहे. पांढऱ्या बोंडांचे ते गवत (खरे तर लव्हाळ्याच्या कुळातले) पान वाळण्याआधी त्यातले अन्नद्रव्य बुडख्यात परत ओढून घेते. हीदर नावाच्या झुडपाची मुळे बुरशीशी भागीदारी करतात. दवबिंदू किडे पकडतो. चार्ल्स डार्विनने 1875 साली छापलेले त्याच्यावरचे प्रयोग मला फार आवडतात : पानावर दूध, अंड्याचा पांढरा बलक किंवा मांसाचा अर्क ठेवला की पानावरचे चिकट केस वाकत; साखरेचे पाणी, पिठाची खळ, ऑलिव्ह तेल यांना रोप दादच देत नसे. नत्र कशात आहे ते पानाला बरोबर कळत होते.

झाडे अगदीच नाहीत असेही नाही. क्लारामध्येच काही ठिकाणी थोडे खनिजयुक्त पाणी येऊन मिळते, तिथे बर्च वाढले आहेत. जिथे कापून कापून पीट तळाच्या चुनखडी थरापर्यंत उतरवले जाते, तिथेही बर्च आणि वाळुंज येतात. स्फॅग्नमला मात्र तिथे परतणे जड जाते.

कासचा दवबिंदू वेगळ्या जातीचा, अडचण मात्र तीच. जांभ्याच्या कातळावरची बोटभर माती मुसळधार पावसाने धुऊन निघते, म्हणून तिथे सीतेची आसवेही किडे टिपताना दिसतात. तिथले रोप उपटून आणू नका.

रोपवाटिकेतून घेतलेला दवबिंदू कुंडीत जगेल, पण बोअरचे पाणी त्याला एकदाही नको. मिरजेकडच्या बोअरच्या पाण्यात बहुधा क्षार असतात आणि ते कुंडीत साचत जातात. शेणखत, गांडूळखत, बागेतली काळी माती, यांपैकी काही घालू नका. खत न मिसळलेले पीट आणि धुतलेली वाळू सारख्या प्रमाणात घ्या. कुंडीखाली ताटली ठेवून तिच्यात पावसाचे साठवलेले पाणी असू द्या. ते संपले तर आरओचे चालेल, पण प्यायच्या नळाचे. बाजूच्या नळीतून वाया जाते त्यात क्षार उलट जास्त असतात.